भाडेकरार शेवटाकडून वाचा: लिव्ह अँड लायसन्स, टोकनपासून डिपॉझिट परत मिळेपर्यंत

घर आवडलं, भाडं ठरलं, टोकन दिलं की करार ही उरलेली कटकट वाटायला लागते. एजंट म्हणतो, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे हो, सगळे हाच करतात." मालक वाचत नाही, राहायला येणारा वाचत नाही, आणि दोघं अंगठा लावून मोकळे होतात. राहायला येताना सगळेच गोड बोलतात, त्यामुळे तेव्हा काही बिघडत नाही. वाद होतात ते घर सोडताना. रंगाचे पैसे कोणी द्यायचे, नोटीस एक महिन्याची की दोन, गिझर आधीपासूनच बंद होता की नाही, आणि डिपॉझिट कधी मिळणार? म्हणून माझा सल्ला असा की कराराचा मसुदा हातात आला की आधी शेवटची पानं उघडा. घर सोडण्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा आणि त्या दिवशी कोणाच्या हातात काय असेल, ते कागदावर आहे का ते बघा. भाड्याची रक्कम आणि तारीख कोणीच चुकवत नाही, ती नंतर पाहिली तरी चालते.

हे सगळं महाराष्ट्रातल्या राहत्या घराबद्दल आहे. गोव्यात १९६८ चा स्वतंत्र भाडे नियंत्रण कायदा आहे, त्यामुळे इथली कलमं तिथे जशीच्या तशी लावू नयेत.

बोलताना भाडेकरू, कागदावर लायसेन्सी

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कुठेही आज नवीन घर भाड्याने घेतलं तर जवळजवळ नेहमी होतो तो लिव्ह अँड लायसन्सचा करार. मालक लायसेन्सर, राहणारा लायसेन्सी. हा फरक नुसता नावापुरता नाही. भाडेपट्टा म्हणजे लीज १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात येतं आणि त्यात राहणाऱ्याला जागेत हक्क मिळतो. लायसन्स येतं त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये, आणि त्यात मिळते ती फक्त जागा वापरायची परवानगी. जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो.

मालकांना हाच प्रकार का हवा असतो, याचं मूळ जुन्या भाडे कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूला काढणं अवघड झालं. त्यातून पागडी, म्हणजे भाड्याची जागा मिळवायला एकरकमी पैसे मोजायची पद्धत, फोफावली. मग मालक लायसन्सच्या आडोशाला गेले. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं आणि मालकांनी कायमची धास्ती घेतली. घर कुलूप लावून ठेवीन पण भाड्याने देणार नाही, असं म्हणणारे काका-मावशी अजून भेटतात, त्यांची भीती त्या काळातली आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४ मुळे लायसन्सची मुदत संपली की मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून ताबा मागता येतो. मुदत संपूनही न जाणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. समन्स मिळाल्यावर आपली बाजू मांडायची परवानगी लायसेन्सीला ३० दिवसांच्या आत मागावी लागते, नाहीतर मालकाचं म्हणणं मान्य असल्याचं धरून निकाल लागतो.

लायसेन्सीने यातून काय घ्यायचं? जुन्या चाळीतल्या भाडेकरूला असतं तसं संरक्षण आपल्याला नाही. आपल्याला जे मिळणार ते करारातून मिळणार. तोंडी गोष्टींवर विसंबायची सोय इथे नाही.

नोटरी केलेला कागद पुरत नाही

कोर्टाबाहेरच्या टपरीवर स्टॅम्प पेपर घ्यायचा, टायपिस्टकडून अकरा महिन्यांचा करार छापून घ्यायचा, नोटरीचा शिक्का मारायचा आणि झालं असं समजायचं, हे अजूनही सर्रास चालतं. अकरा महिन्यांमागचा तर्क असा की १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते, म्हणजे अकरा महिन्यांची गरज नाही. इतर राज्यांत हा तर्क चालत असेल, महाराष्ट्रात चालत नाही. आपल्या १९९९ च्या अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. मुदत सहा महिन्यांची असली तरी.

नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालकाला खरी झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. भाडं २२ हजार ठरलं होतं आणि समोरचा १२ हजार म्हणाला तर? उलट नोंदणी झालेली असेल तर कलम २४ खाली तोच करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे हजारभर रुपये वाचवायला नोटरी करणारा मालक पायावर धोंडा पाडून घेतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुदत अकराच महिने कशाला? लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दर अकरा महिन्यांनी पुन्हा नोंदणी फी, पुन्हा एजंटचा हात ओला, पुन्हा भाडं वाढवण्याची बोलणी. मुलांची शाळा जवळ आहे म्हणून घर घेतलं असेल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करार मागा, वार्षिक वाढ त्यातच लिहून घ्या.

टोकनच्या आधी

घर दाखवणारा माणूस मालक आहे का, हे आधी बघायचं. अपमान वगैरे होत नाही, नीट मालक स्वतःच कागद पुढे करतो. खरेदीखताचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा), मालमत्ता कराची पावती, ताजं वीजबिल, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. यांतले दोन तरी कागद बघा आणि आधारवरचं नाव त्यांच्याशी जुळवा. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांचीही सही हवी. मालक परदेशी असेल आणि भाऊ किंवा आई व्यवहार करत असेल तर कुलमुखत्यारपत्र मागा.

हेवी डिपॉझिटवर घर घेत असाल तर दहापट सावध राहा. भाडं नाही किंवा नावापुरतं, त्याऐवजी दहा-पंधरा लाख रुपये मालकाकडे ठेवायचे, हा प्रकार मुंबईत खूप चालतो. ती रक्कम तुम्ही मालकाला दिलेलं विनातारण कर्जच असतं. घर गहाण असलं आणि हप्ते थकले तर बँक आधी घराकडे बघेल, तुमचे पैसे रांगेत मागे. सोसायटीच्या कार्यालयात विचारा, फ्लॅटवर बँकेचा बोजा नोंदलेला आहे का. आणि पूर्ण रक्कम चेक किंवा बँक ट्रान्सफरनेच द्या. "अर्धे कॅश द्या" म्हणणाऱ्याचं घर कितीही सुंदर असलं तरी सोडा.

डिपॉझिटला आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्ससाठी ठरावीक मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये आणलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याचा दाखला देऊन उपयोग नाही. घासाघीस करूनच कमी करून घ्यायचं.

कलमं, मागून पुढे

आता मसुदा. सरकारच्या ऑनलाइन नोंदणी पोर्टलवरच्या नमुन्यात ठरावीक कलमं आपोआप येतात, पण तुमच्या खास अटी कोणीतरी वेगळ्या टाइप कराव्या लागतात. एजंट त्या टाळतो, कारण त्याला दिवसाला पाच करार उरकायचे असतात. मसुदा व्हॉट्सॲपवर आधी मागवा, एक रात्र स्वतःकडे ठेवा.

सुरुवात डिपॉझिट परतीच्या कलमापासून. नमुन्यात बहुधा एवढंच असतं की मुदत संपल्यावर ताबा दिल्यानंतर अनामत परत केली जाईल. "दिल्यानंतर" म्हणजे त्याच दिवशी की तीन महिन्यांनी? इथेच लोक अडकतात. मी असं कलम सुचवतो:

"लायसेन्सीने जागेचा रिकामा ताबा व चाव्या ज्या दिवशी दिल्या, त्याच दिवशी लायसेन्सर संपूर्ण अनामत रक्कम लायसेन्सीच्या बँक खात्यात जमा करतील. वजावट फक्त थकीत भाडे, थकीत वीज, गॅस व पाण्याची बिले आणि सामान्य झीज वगळता झालेले नुकसान यांचीच होईल व तिचा तपशील बिलांसह लेखी दिला जाईल. रक्कम परत होईपर्यंत लायसेन्सीला भाडे न देता जागा वापरता येईल."

शेवटच्या वाक्यावर मालक कुरकुरतील. पण ते नसेल आणि तुम्ही पैशांसाठी अडून राहिलात, तर मगाशी सांगितलेला दुप्पट दर तुमच्याच अंगावर येऊ शकतो. मालकाला ते अगदीच नको असेल तर उशिराबद्दल व्याज लिहून घ्या. काहीतरी हवंच.

सामान्य झीज म्हणजे काय, हे जमेल तेवढं उलगडून लिहा. दोन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडणं, नळाचा वॉशर जाणं ही झीज. ओट्याचा ग्रॅनाइट तडकणं, दरवाजाला कुत्र्याने ओरखडे काढणं हे नुकसान. रंगाचे पैसे हा तर पुण्या-मुंबईत रिवाजच झालाय: घर सोडताना एक महिन्याचं भाडं "पेंटिंग चार्जेस" म्हणून कापायचं. कायद्यात असं काही सक्तीचं नाही. करारात लिहिलं असेल तर मात्र द्यावं लागेल. द्यायचं कबूल असेल तर आकडा लिहा, आणि राहायला येताना घर रंगवून मिळणार का तेही.

पुढे लॉक-इन आणि नोटीस. ही दोन वेगळी आहेत आणि हमखास एकत्र कालवली जातात. लॉक-इन म्हणजे एवढ्या महिन्यांच्या आत सोडलं तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं भरायचं. नोटीस म्हणजे लॉक-इन संपल्यावर किती आधी सांगायचं. सहा महिने लॉक-इन आणि एक महिना नोटीस हा रास्त हिशेब. लॉक-इन दोघांनाही लागू आहे का ते बघा. कित्येक करारांत लायसेन्सीवर लॉक-इन असतं आणि मालक मात्र कधीही महिन्याभराच्या नोटिशीवर काढू शकतो. नोकरीत बदलीची शक्यता असेल तर तेवढा अपवाद लिहून घ्या, बदलीचं पत्र दाखवल्यावर लॉक-इन लागू नाही असा.

आता एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. मुदतीच्या मध्येच मालकाने घर विकलं तर? सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे नवीन मालक जुन्या मालकाने दिलेल्या लायसन्सने बांधला जात नाही. म्हणजे तीन वर्षांचा करार असून तुम्हाला घर सोडावं लागू शकतं, आणि डिपॉझिट जुन्या मालकाच्या खिशात. म्हणून कलम घाला: विक्री करायची झाल्यास किमान दोन महिने आधी लेखी सूचना, डिपॉझिट परतीची जबाबदारी जुन्या मालकाचीच, आणि लॉक-इनमध्ये विकल्यास सामान हलवायचा खर्च आणि दलाली मालकाने द्यायची.

दुरुस्तीचं कलम दोन ओळींत उरकलेलं असतं, ते थोडं वाढवा. गळती, वायरिंग, मुख्य पाइप, लिफ्टचा वर्गणी-खर्च मालकाचा. बल्ब, नळ, फिल्टरची सर्व्हिसिंग राहणाऱ्याची. सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार ते आकड्यासह. पावसाळ्यात छत गळलं आणि मालक फोन उचलत नसेल तर ठरावीक रकमेपर्यंत दुरुस्ती करून भाड्यातून वळती करण्याची मुभा मागा.

भाड्याची तारीख, वार्षिक वाढ आणि वापर फक्त राहण्यासाठी, या कलमांवर फार वेळ घालवायची गरज नाही. वाढ बहुधा पाच ते दहा टक्के ठरते. घरून शिकवण्या घेणार असाल किंवा डबे करणार असाल तर तेवढं मात्र आधीच लिहून घ्या.

शेवटी परिशिष्ट: सामानाची यादी. "२ पंखे, १ गिझर, मॉड्युलर किचन" एवढ्यावर थांबू नका. कंपनी, चालू आहे की बंद, आणि आधीचे डाग-तडे. चाव्या घेताना घराचा खोलीवार व्हिडिओ काढा: नळ उघडून, गिझर लावून, संडासाचा फ्लश ओढून, वीजमीटरचं रीडिंग दिसेल असा. तो लगेच मालकाला पाठवा. वर्षा-दोन वर्षांनी कोणाची आठवण खरी हा प्रश्न उरत नाही.

मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च

हिशेब सोपा आहे. पूर्ण मुदतीचं भाडं, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने मानलेलं व्याज, आणि परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती. या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क.

समजा २४ महिन्यांचा करार, पहिल्या वर्षी महिना १८,००० आणि दुसऱ्या वर्षी १८,९००. दोन वर्षांचं भाडं झालं ४,४२,८००. डिपॉझिट ६०,०००, त्यावर वर्षाला ६,००० म्हणजे दोन वर्षांचे १२,०००. बेरीज ४,५४,८००. तिच्या ०.२५ टक्के म्हणजे ११३७ रुपये. त्यावर नोंदणी फी शहरी भागात १००० आणि ग्रामीण भागात ५००, शिवाय ऑनलाइन दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क. एजंट यापेक्षा खूप मोठा आकडा सांगत असेल तर फरक त्याच्या फीचा आहे. ती फी घेणं गैर नाही, पण सरकारी खर्च वेगळा आणि सेवेचा वेगळा असा हिशेब मागा. दलाली त्याहून निराळी. खर्च बहुधा निम्मा-निम्मा होतो, पण तेही आधी बोलून घ्या.

अंगठ्याचा दिवस

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवर घरबसल्या नोंदणी करता येते. दोन्ही पक्षांचे आधार, पॅन, दोन साक्षीदार आणि त्यांचेही आधार. मजकूर भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं, मग आधारशी जोडलेली बोटाची पडताळणी आणि फोटो. अधिकृत सेवा देणारा माणूस लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मालक आणि लायसेन्सी एकाच वेळी हजर असायची गरज नाही.

घरात ज्येष्ठ मालक असतील तर वेळ हातात ठेवा. बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र तीनदा-चारदा लाल दिवा दाखवतं. हात कोमट पाण्याने धुवून कोरडे करायचे, अंगठा चालला नाही तर मधलं बोट लावून बघायचं. तरीही जमलं नाही, किंवा आधारच नसलेला अनिवासी मालक असेल, तर सरळ दुय्यम निबंधक कार्यालय गाठावं.

बोट लावण्याआधी पडद्यावरचा अंतिम मसुदा पुन्हा वाचा. व्हॉट्सॲपवर पाहिलेली कलमं त्यात आहेत ना? फ्लॅट नंबर, विंग, तारखा, डिपॉझिटचा आकडा. इथे चूक राहिली तर दुरुस्तीसाठी वेगळा दस्त करावा लागतो. दुय्यम निबंधकाची डिजिटल सही झाली की नोंदणी क्रमांकासह करार आणि इंडेक्स टू मिळतो. "फाइल टाकलीय" म्हणजे नोंदणी झाली असं नाही, क्रमांक हातात आला म्हणजे झाली.

सोसायटी, पोलीस, टॅक्स

सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) सभासदाने म्हणजे मालकाने करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोसायटीला द्यायची असते. भोगवटेतर शुल्क म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. राज्य सरकारचा हा आदेश २००१ पासून आहे. हे शुल्क सभासदाकडून घ्यायचं असतं, लायसेन्सीच्या गळ्यात घालायचं नाही. "फॅमिलीलाच देतो" हा प्रकार मात्र मसुदा होण्याआधीच स्पष्ट विचारून घ्या, टेम्पो गेटवर उभा असताना नको.

भाड्याने राहणाऱ्याची माहिती पोलिसांना कळवणं मालकाचं काम आहे. ठिकठिकाणचे पोलीस आयुक्त तसे मनाई आदेश काढतात आणि न कळवल्यास गुन्हा दाखल होतो. माहिती ऑनलाइन भरता येते.

नोकरदारांनी एवढं लक्षात ठेवावं: वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं आणि घरभाडे भत्त्याची सूट हवी असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो देणार का, हे आधी विचारा. भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर असेल तर राहणाऱ्याने २ टक्के टीडीएस कापून भरायचा. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, टीडीएस कापावाच लागतो आणि दरही बराच जास्त असतो. अशा वेळी सीएला विचारल्याशिवाय पहिलं भाडं पाठवू नका.

सोडताना

नोटीस ईमेलवर द्या आणि व्हॉट्सॲपवरही, तारीख घालून. करारात पोस्टाने द्यायची असं असेल तर तसंच, पोच ठेवून. राहायचं असेल तर मुदत संपायच्या महिनाभर आधी नवीन करार लावून धरा. "चालू द्या, बघू पुढे" असं म्हणत मुदत उलटून गेलेले महिने दोघांनाही धोक्याचे असतात.

शेवटच्या आठवड्यात वीजबिलाचं अंतिम रीडिंग घ्या, गॅसची पाइपलाइन असेल तर तिचंही. मालकासोबत पहिल्या दिवसाचा व्हिडिओ बघत घरभर फिरा. वजावट ठरली की कागदावर लिहा, दोघांच्या सह्या. पैसे खात्यात आल्याचा मेसेज वाजला की चाव्या द्या आणि ताबा मिळाल्याची पावती घ्या. हा क्रम उलटा करू नका. सक्षम प्राधिकाऱ्याची जलद वाट ताबा मागणाऱ्या मालकासाठी आहे. डिपॉझिटसाठी तुम्हाला आधी वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा, एवढा लांबचा रस्ता उरतो. दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे. अशा वेळी नोंदणीकृत करार, बँकेतल्या नोंदी, व्हिडिओ आणि सह्या केलेली वजावटीची यादी नोटिशीसोबत जोडली तर बरेच मालक दाव्यापर्यंत जाऊ देत नाहीत.